क्रुसापाशी थांबलेली माणसे

मृत्यूची घंटा वाजली की आपल्या गावातला शेजारी हातातले काम टाकून धावतो. कुणी शवपेटीची व्यवस्था पाहतो, कुणी नातेवाइकांना कळवतो, कुणी घरच्यांसाठी पेज शिजवून आणतो. ही आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु त्या घंटेपूर्वीचे जे महिने त्या घराने एकट्याने काढले, त्यांत आपण कितीदा तो उंबरा ओलांडला? डॉक्टरांनी हात टेकले असे कळल्यावर तर पावले अधिकच अडखळतात. जाऊन बोलायचे तरी काय? मरणासन्नांच्या सेवेचा आधुनिक इतिहास मात्र नेमका तेथूनच सुरू होतो आणि त्यात प्रापंचिकांचा वाटा फार मोठा आहे.

फ्रान्समधील ल्यों शहरात झान गार्निये ही तरुणी चोविसाव्या वर्षी विधवा झाली. तिची दोन्ही मुलेही देवाघरी गेली. असाध्य कर्करोगाने पीडलेल्या गरीब स्त्रियांना त्या काळी इस्पितळात थारा नसे. १८४२ साली झानने आपल्यासारख्याच काही विधवांना या स्त्रियांच्या सेवेसाठी एकत्र आणले. त्यांनी धर्मभगिनींची व्रते घेतली नव्हती. दुःखाची ओळख एवढीच त्यांची शिदोरी होती. आपल्या संघाला त्यांनी कालवरीचे नाव दिले. पवित्र मरिया आणि तिच्या सोबतच्या स्त्रिया येशूला क्रुसावरून उतरवू शकल्या नाहीत. पण त्या तेथून हलल्याही नाहीत. या सेवेचे सारे मर्म त्या नावात आले आहे.

पुढे १८७९ साली डब्लिन येथे आणि १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागात आयरिश धर्मभगिनींनी मरणासन्नांसाठी आश्रयगृहे उघडली. हॅकनीच्या गृहात १९५८ पासून काम करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स या पंथाने अँग्लिकन होत्या. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर असा त्यांचा प्रवास झाला. १९४८ साली वॉर्सा येथून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा एक ज्यू निर्वासित त्यांच्या सहवासात मृत्यू पावला. जाताना त्याने त्यांच्या भावी गृहातील एका खिडकीसाठी पाचशे पौंड ठेवले. त्यानंतर त्या संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून मरणासन्नांच्या गृहात जाऊ लागल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेला मॉर्फिन द्यावे, हे त्या तेथे शिकल्या. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हा विचार त्यांनी वैद्यकशास्त्राला दिला. १९६७ साली त्यांचे सेंट क्रिस्टोफर्स हे गृह उघडले आणि ही चळवळ जगभर पसरली.

भारतात ती १९८६ साली वांद्रे येथे पोहोचली. डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी माउंट मेरीच्या टेकडीवर शांती आवेदना सदन सुरू केले. देशातील हे पहिले आश्रयगृह होय. परंतु कोणत्याही गृहातील खाटा मोजक्याच असणार आणि बहुतेकांना अखेरचा श्वास आपल्याच घरी घ्यावासा वाटतो. त्यात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक अटींमुळे मॉर्फिन दुर्मिळ झाले. त्या अटी २०१४ साली सौम्य करण्यात आल्या.

घराघरांत पोहोचण्याची वाट केरळने दाखवली. डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमन केंद्र सुरू केले. तथापि दूरच्या खेड्यांतील खिळलेले रुग्ण तेथवर येऊ शकत नसत. म्हणून २००१ च्या सुमारास हे काम शेजाऱ्यांच्याच हाती सोपवण्यात आले. साधारण सोळा तासांचे शिक्षण आणि काही गृहभेटींचा अनुभव एवढ्या तयारीवर शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, मजूर कामाला लागले. औषधोपचार डॉक्टर आणि परिचारिका पाहत. या घरात तांदूळ संपला आहे, मुलाची शाळा सुटली आहे, पत्नी कित्येक रात्री झोपलेली नाही, हे मात्र शेजाऱ्यालाच दिसे. सर्व धर्मांच्या माणसांनी लहान लहान देणग्यांतून हे काम उभे ठेवले. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. शासन शेजाऱ्यांच्या मागोमाग आले, हे येथे ध्यानात घ्यावे.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात माणसांची वाण नाही. जी माणसे शवपेटीला खांदा देतात, त्यांनाच आठवड्यातून एकदा रुग्णाच्या उशाशी तासभर बसता येईल. तेवढ्या वेळात त्याची पत्नी निश्चिंतपणे डोळे मिटू शकेल. रुग्णाला बरे करण्याची जबाबदारी आपल्यावर कुणी टाकलेली नाही. ल्योंच्या त्या विधवांनाही ते साधणार नव्हते. त्या थांबल्या, एवढेच. घंटा वाजण्याची वाट न पाहता आपणही थांबू या.