हिरव्या माव्यातील कीटकनाशक-प्रतिकार

हिरवा मावा (शास्त्रीय नाव : मायझस पर्सिकी) ही पिकांचा रस शोषणारी कीड आहे. पीच हे तिचे मूळ आश्रयझाड असले, तरी बटाटा, मिरची, कोबी, तंबाखू अशा अनेक पिकांवर ती आढळते. पर्णगुंडाळीसारख्या विषाणुजन्य रोगांचा प्रसारही ती करते. अनेक कीटकनाशकांना ती दाद देत नाही. या प्रतिकाराचे मूळ तिच्या जनुकांत आहे. जनुकीय बदल योगायोगाने घडतात. फवारणीत असे बदल असलेले कीटक तगतात व त्यांचीच संख्या वाढते.

विषाचे निष्प्रभीकरण

ई४ या एस्टरेज विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती होणे, हे या प्रतिकाराचे पहिले सखोल अभ्यासलेले कारण होय. त्यावरील मूलभूत संशोधन इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे झाले. अतिप्रतिकारक माव्यात या जनुकाच्या सुमारे ८० प्रती असू शकतात. विपुल प्रमाणात तयार झालेले विकर ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विष लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बांधून ठेवते. सीवायपी६सीवाय३ या जनुकाच्या वाढीव प्रतींमुळे निकोटीन व निओनिकोटिनॉइड यांचे विघटन होते. तंबाखूवर जगण्यासाठी उपयोगी पडणारा हा बदल कीटकनाशकाविरुद्धही कामी आला.

लक्ष्यस्थानातील बदल

काही उत्परिवर्तनांमुळे विष ज्या प्रथिनावर आघात करते, त्याचीच रचना बदलते. ॲसिटिलकोलीनएस्टरेजमधील ४३१ व्या स्थानावर सेरीनऐवजी फेनिलॲलनीन आल्यास पिरिमिकार्ब निष्प्रभ ठरते. चेतापेशींच्या सोडियम वाहिनीत १०१४ व्या स्थानावरील ल्यूसीनच्या जागी फेनिलॲलनीन आल्याने पायरेथ्रॉइडांचा प्रभाव घटतो. निकोटिनिक ग्राहीच्या बीटा उपघटकात ८१ व्या स्थानावर आर्जिनीनऐवजी थ्रिओनीन आल्यास निओनिकोटिनॉइडांना तीव्र प्रतिकार निर्माण होतो. हा बदल प्रथम दक्षिण फ्रान्समधील पीचवरील माव्यात आढळला.

प्रसार व व्यवस्थापन

माव्याची मादी नराविना पिलांना जन्म देते. त्यामुळे एका प्रतिकारक मादीची जनुकीय रचना तिच्या साऱ्या संततीत जवळजवळ जशीच्या तशी उतरते. एकाच कीटकात वरीलपैकी अनेक यंत्रणा एकत्र असू शकतात. मात्र या प्रतिकाराची किंमतही मोजावी लागते : ई४चे प्रमाण अधिक असलेला मावा कडाक्याच्या थंडीत तुलनेने कमी तगतो.

केवळ औषधाचे नाव बदलून उपयोग होत नाही. भिन्न नावांची औषधे एकाच लक्ष्यावर काम करणारी असू शकतात. म्हणून कार्यपद्धती भिन्न असलेल्या औषधांचा आलटूनपालटून व गरजेपुरताच वापर करणे आणि ढालकिडे, परजीवी गांधीलमाश्या यांसारख्या मित्रकीटकांचे संरक्षण करणे आवश्यक ठरते.