टाच आणि चवडा

बुटाची नाडी पुन्हा एकदा ओढून घ्या. आता सैल राहिली, तर क्रॉयडन यायच्या आत टाचेला फोड येईल आणि ब्रायटन तेव्हाही चाळीस मैलांवर असेल.

तारीख १ मे १९०३. सकाळचे साडेसहा वाजतायत. तुम्ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापाशी उभे आहात. खाली थेम्स, डोक्यावर बिग बेन. आजूबाजूला शेअर बाजारातली माणसं. एरवी काळ्या कोटात आणि उंच हॅटमध्ये दिसणारी ही मंडळी आज अर्ध्या विजारीत आहेत. ठोका पडतो आणि सगळे निघतात. समुद्रापर्यंत बावन्न मैल. मुंबईहून निघून घाट चढून लोणावळा गाठावं एवढी मजल, आणि तीही दिवस मावळायच्या आत.

धावायचं मात्र नाही. मागचं पाऊल उचलण्याआधी पुढच्याची टाच जमिनीला लागलेली हवी. करून बघा. आधी टाच, मग तळवा, मग चवड्याने रेटा. पाय सरळ ठेवलात की कंबर आपोआप डावी-उजवी फिरू लागते. पहिला मैलभर गंमत वाटते. स्ट्रेटम मागे पडेपर्यंत नडगीच्या पुढच्या बाजूला आग पेटते. धावणाऱ्यालाही न कळणारं हे दुखणं आहे, कारण इथे पाय दर पावलाला स्वतःला आवरून धरत असतो. मला हा खेळ आवडतो तो यासाठीच. अंगात धावायची ताकद असताना आणि पुढचा माणूस दिसत असताना चालत राहायचं!

आजचा विजेता ब्रॉड साडेनऊ तासांत ब्रायटनला पोचेल. तो तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही तेव्हा हँडक्रॉसच्या आसपास असाल.

हा रस्ता बाजारवाल्यांच्या आधीपासून चालणाऱ्यांचा आहे. सरे वॉकिंग क्लब १८९९ सालचा. अशा क्लबांत पगारी खेळाडू नसतात. कारकून, कारागीर, दुकानातले लोक शनिवारी काम आटोपून येतात आणि मिळेल त्या खोलीत कपडे बदलतात. आठ वर्षं पुढे सरकलात की १९११ मध्ये यांच्यातलेच काहीजण 'सेंच्युरियन्स' नावाची मंडळी स्थापन करताना दिसतील. चोवीस तासांत शंभर मैल चाललात की तुम्हाला एक क्रमांक मिळतो. तो कायमचा तुमचा. तुमच्या मागेही तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

आता १९२६ मध्ये या. तुमच्या कोपराला एक हात घट्ट धरून आहे. या माणसाचे डोळे महायुद्धात गेले. सेंट डन्स्टन्स या अंध सैनिकांच्या संस्थेतर्फे लंडन ते ब्रायटन चालण्याची शर्यत होते, तिच्यासाठी त्याचा सराव चाललाय. तुम्ही खड्डा सांगायचा, चढ सांगायचा, वळण सांगायचं. बाकी त्याच्या पायांना सगळं कळतं. थोड्या वेळाने तुमचा आणि त्याचा ताल एक होतो आणि सांगायचीही गरज उरत नाही.

टॉमी ग्रीन या खेळात आला तो असाच, युद्धात आंधळ्या झालेल्या मित्राच्या सरावाला साथ देता देता. मुडदुसामुळे पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला चालता येत नव्हतं, पुढे युद्धात विषारी वायूही छातीत गेला. पहिल्या शर्यतीत उतरला तेव्हा वय तिशीच्या पुढे. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकची पन्नास किलोमीटरची चाल पहिल्यांदा झाली, तेव्हा अडतिसाव्या वर्षी या रेल्वे कामगाराने सुवर्णपदक घेतलं. मला मात्र राहून राहून त्या मित्राचा कोपरावरचा हात आठवतो.

१९३५. बीबीसीत मोटारी दुरुस्त करणारा हॅरॉल्ड व्हिटलॉक याच रस्त्यावर आठ तासांची भिंत पाडतो. पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकचं सुवर्णपदकही त्याचंच.

आणि आता या न्हाणीघरात. दार लावून घ्या, वाफ बाहेर जाता कामा नये. विम्याच्या कचेरीत कारकुनी करणारा डॉन थॉम्पसन हा बुटका, चष्मेवाला तरुण सराव करतोय. १९५६ मध्ये मेलबर्नच्या उन्हात तो शर्यत संपायच्या आतच कोसळला. पुढची ऑलिंपिक रोमला, तीही उकाड्यात. इंग्लंडात ते ऊन आणायचं कुठून? म्हणून हीटर लावलाय, किटल्या उकळतायत, रॉकेलचा स्टोव्ह धगधगतोय. पारा शंभर फॅरनहाइटजवळ. आरशावर पाणी ओघळतंय आणि अंगावर जाड कपडे घातलेला हा माणूस जागच्या जागी पावलं टाकतोय. तुम्हाला गरगरतंय ना? त्यालाही गरगरायचं. त्यातलं बरंचसं स्टोव्हच्या विषारी धुराने होत होतं, हे त्याला नंतर उमजलं. कुणी प्रशिक्षकाने सांगितलेलं नव्हतं हे. कचेरीतून घरी यायचं, किटली चढवायची.

रोम, ७ सप्टेंबर १९६०. त्याच्या टोपीला मागे मानेवर पडणारा कापडाचा पडदा आहे, डोळ्यांवर काळा चष्मा. इटालियन लोक त्याला लाडाने छोटा उंदीर म्हणतात. मागे स्वीडनचा ल्युंगग्रेन. चार तास पंचवीस मिनिटं आणि तीस सेकंदांनी थॉम्पसन रेषा ओलांडतो. दोघांत अंतर उरतं सतरा सेकंदांचं.

पदक गळ्यात पडलं की माणसं थांबतात. हा थांबला नाही. ब्रायटनच्या शर्यतींना येत राहिला, लांबलांबची अंतरं चालत राहिला. १९९१ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो ब्रिटनकडून खेळला.

चला, १९०३ चं तुमचं चालणं अर्धवट राहिलंय. पायकोंबचा चढ संपत आलाय. सकाळची गर्दी पांगली, पुढची माणसं केव्हाच पोचली, त्यांच्या आंघोळीही झाल्या असतील. वारा खारट लागतोय. डाव्या टाचेचा फोड फुटलाय. सायकलवरचा एकजण कोमट चहाचा पेला तुमच्या हातात देतो आणि पुढे न जाता तुमच्याच वेगाने बाजूने येत राहतो.