गोड औषधाचे बळी आणि शिकागोची प्रयोगशाळा

#थ्रेड #इतिहास

१/ कोणतेही औषध विक्रीस येण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे लागते, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. १९३७ साली अमेरिकेतही असा नियम नव्हता. तो कसा आला, त्यात एका विद्यापीठातील विभागाचा वाटा कोणता होता आणि तेथील एका विद्यार्थिनीने पुढे काय केले, त्याची ही हकीकत.

२/ १९३६ मध्ये शिकागो विद्यापीठात फार्माकॉलॉजीचा, म्हणजे औषधांच्या शरीरावरील क्रियेचा अभ्यास करणारा, स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले युजीन गायलिंग. कॅनडातील फ्रान्सेस ओल्डहॅम या तरुणीने त्यांच्याकडे अर्ज केला. नाव पुरुषाचे समजून उत्तर आले ते ‘मिस्टर ओल्डहॅम’ यांच्या नावे!

३/ खुलासा करावा की काय, असा तिला प्रश्न पडला. तिच्या प्राध्यापकांनी सल्ला दिला : होकार कळव, सहीपुढे कंसात ‘मिस’ लिही आणि सरळ शिकागोला जा. ती गेली. पुढच्याच वर्षी या विभागाच्या दारात एक भीषण प्रकरण येऊन उभे राहिले.

४/ सल्फानिलामाइड हे तेव्हाचे नवे आणि गुणकारी औषध. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गावर ते खात्रीने लागू पडे. ते गोळ्या आणि भुकटीच्या रूपात मिळे. पण लहान मुलांसाठी पातळ औषधाला मागणी होती. टेनेसी राज्यातील मॅसेनगिल कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांनी त्यासाठी द्रावक शोधला : डायएथिलीन ग्लायकॉल.

५/ त्यात औषध उत्तम विरघळले. रासबेरीचा स्वाद मिसळला, रंग गुलाबी झाला. चव, रूप आणि गंध यांची परीक्षा झाली. विषारीपणाची परीक्षा मात्र झाली नाही. कायद्यानेही ती मागितली नव्हती. सप्टेंबर १९३७ मध्ये मालाच्या ६३३ खेपा रवाना झाल्या. नाव होते ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’.

६/ ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातील टल्सा शहरातून मृत्यूच्या वार्ता येऊ लागल्या. रुग्णांची लघवी बंद होई, पोटात असह्य कळा येत, मग झटके आणि बेशुद्धी. बळींत मुले पुष्कळ होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या रसायनशाळेने बाटलीतील द्रावक ओळखला. पण मारक नेमके काय, द्रावक की मूळ औषध, याचे उत्तर हवे होते.

७/ हा प्रश्न गायलिंग यांच्या विभागाकडे आला. पद्धत साधी आणि निर्णायक होती. उंदीर आणि इतर प्राण्यांचे गट करून कोणाला संपूर्ण एलिक्सिर, कोणाला केवळ सल्फानिलामाइड, तर कोणाला केवळ डायएथिलीन ग्लायकॉल द्यायचे. उंदरांवर लक्ष ठेवण्याचे काम फ्रान्सेस ओल्डहॅम यांच्याकडेही होते.

८/ केवळ सल्फानिलामाइड घेतलेले प्राणी तगले. उरलेल्या दोन्ही गटांतील प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. विकृतिशास्त्रज्ञ पॉल कॅनन यांना त्यांच्या ऊतींत माणसांच्या शवविच्छेदनात दिसलेलीच हानी आढळली. गुन्हेगार द्रावकच होता. यकृतात त्याची आम्ले बनतात आणि ती मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांचा नाश करतात, हा तपशील पुढील काळात उलगडला.

९/ इकडे अन्न व औषध प्रशासनाचे २३९ निरीक्षक व रसायनतज्ज्ञ बाटल्या गोळा करत गावोगाव हिंडत होते. २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन हाती लागले. उरलेल्या थोड्याशा औषधाने शंभराहून अधिक जीव घेतले. सगळा माल विकला गेला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

१०/ कायद्याची थट्टा पाहा. प्रशासन जप्ती करू शकले ते केवळ नावाच्या चुकीमुळे. ‘एलिक्सिर’ म्हणजे मद्यार्क असलेले औषध; यात तो नव्हता. बाटलीवर ‘सोल्युशन’ असे छापले असते, तर माणसे मरूनही जप्तीला आधार उरला नसता! लोकक्षोभ उसळला आणि २५ जून १९३८ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. आता विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा आवश्यक ठरला.

११/ त्याच वर्षी ओल्डहॅम यांना पीएच.डी. मिळाली. महायुद्धात जावा जपानच्या ताब्यात गेले, सिंकोनाचा पुरवठा तुटला आणि मलेरियाच्या औषधांचा शोध निकडीचा झाला. त्या कामात त्यांना दिसले की सशाचे यकृत क्विनीनचे विघटन करते, गाभण सशीण ते कमी करू शकते आणि गर्भाला तर ते जमतच नाही. १९४१ मध्ये विद्यापीठात खास विषशास्त्र प्रयोगशाळाही उभी राहिली होती. प्रारंभी युद्धातील विषारी रसायनांसाठी, पुढे कीटकनाशकांसाठी.

१२/ १९६० मध्ये, विवाहानंतर फ्रान्सेस केल्सी झालेल्या या शास्त्रज्ञ अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. हाती आलेल्या पहिल्या अर्जांपैकी एक होता थॅलिडोमाइडचा. युरोपात हे झोपेचे औषध सर्रास विकले जात होते. कंपनीचा तगादा सुरू झाला. केल्सी पुरावा मागत राहिल्या : नसांवर परिणाम काय? गर्भावर काय? गर्भ म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे त्यांनी सशांवर पाहिलेले होते.

१३/ नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतून सत्य बाहेर आले. जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत परवानगीच नसल्याने, चाचणीच्या नावाखाली वाटलेल्या गोळ्या वगळता, मोठे संकट टळले. ऑगस्ट १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी केल्सींचा गौरव केला आणि ऑक्टोबरमध्ये कायदा आणखी कडक झाला.

१४/ ही गोष्ट येथे संपायला हवी होती. पण १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची कीड उघड केली. २०२२ मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या सिरपनंतर मुले गेली. २०२५ मध्ये छिंदवाडा परिसरातील बालके कफ सिरपनंतर दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते.

१५/ १९३७ मध्ये हे विष माहीत नव्हते, असे निदान म्हणता तरी येत होते. आज ते ओळखण्याची चाचणी आहे, कायदा आहे, प्रयोगशाळाही आहेत. शिकागोच्या उंदरांनी दिलेले उत्तर जुनेच आहे. प्रत्येक पिंप उघडताना ते तपासून पाहण्याचे कष्ट घ्यायचे, एवढेच आपल्याकडे उरले आहे.

(समाप्त)