गिअरचा गोळा सारखा ढिला का होतो? तीन सूत आणि दहा मिलिमीटरची गोष्ट

विज्ञान शिकून इतिहासाकडे वळणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: कागदपत्रं नसतील तर सुरुवात कुठून करायची? आज मी तुम्हाला एक वस्तू दाखवतो. ती तुमच्या मुठीत मावते.

आमच्या उमापुरात, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. माझा मामा जुना ट्रक चालवतो. त्याच्या गिअरच्या दांड्यावरचा गोळा दोन वर्षांपासून ढिला होता. त्याने दोरा गुंडाळला, मग टेप, मग एम-सील. चार दिवस टिकायचं आणि घाटात पुन्हा फिरायला लागायचं. मागे माणसं, भांडीकुंडी, लेकरं बसलेली. उतारावर खालचा गिअर टाकायच्या वेळी गोळा हातात आला तर काय, हे वेगळं सांगायला नको. शिवाय गिअरची आकृती गोळ्यावरच असते. गोळा फिरला की आकृतीही फिरते, आणि बदली ड्रायव्हर फसतो.

आधी एक खात्री करून घ्या. दांडा एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने गोळा हलवा. गोळा हलला तर दोष वर आहे. अख्खा दांडाच डुगडुगत असेल तर खाली बुश किंवा जोड झिजलेला आहे; तिथे नवा गोळा काही करणार नाही.

मामाचा दोष वरचाच होता. गोळा नवा होता, हायवेवरच्या दुकानातून घेतलेला. "तीन-चार फेरे मस्त गेला, मग टाईट झाला, म्हणून जोर लावून बसवला," मामा म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर बसेलच असं नव्हतं. जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, मोजले, आणि १८४१ मध्ये त्यांच्या सरासरीवरून एक प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश. (हा आकडा कुठल्या सिद्धांतातून नाही, सरासरीतून आला. मला ही गोष्ट फार आवडते.) १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो बनवायला सोपा होता. युरोपात मिलिमीटरचे आटे रुळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने ब्रिटिशांचं मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आट्यांसाठी तिला वेगळी हत्यारं तयार करावी लागली. हा त्रास पाहून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एक सामाईक आटा मान्य केला.

आता आपल्याकडे या. रेल्वेच्या वर्कशॉपांबरोबर भारतात व्हिटवर्थ आला होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने गाड्या आणि ट्रक जोडायला घेतले. म्हणजे अमेरिकी इंच आला. मद्रासच्या अशोक मोटर्सने ब्रिटिश लेलँडशी करार केला आणि १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली. आणि १९५४ मध्ये जमशेदपुरातून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला, जर्मन आराखड्यांचा, मिलिमीटरमधला. मापांच्या दशमान पद्धतीचा आपला कायदा १९५६ चा आहे, आणि अंमल टप्प्याटप्प्याने १९५८ पासून. म्हणजे सरकारच्या आधी मिलिमीटर ट्रकमध्ये बसून रस्त्यावर आला होता! एकाच रस्त्यावर आट्यांची तीन घराणी धावत होती, आणि ती दुरुस्त करणारा मिस्त्री मात्र एकच होता.

त्या मिस्त्रीची भाषा आजही ऐका. तो पाऊण इंची बोल्टला "सहा सूत" म्हणतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कायदा होऊन साठ वर्षांहून जास्त झाली, सूत गेलेलं नाही.

मी मामाचा दांडा वर्नियरने मोजला. बाहेरचा व्यास ९.४ मिलिमीटर, थोडा झिजलेला. एका इंचात १६ आटे. म्हणजे तीन सूत. गोळ्याच्या आतला आटा १० मिलिमीटरचा, दीडच्या अंतराचा. तीन सुताच्या दोन आट्यांमधलं अंतर १.५९ मिलिमीटर भरतं. फरक जेमतेम ०.०९ चा, पण तो प्रत्येक फेऱ्याला साठत जातो. दांडा बारीक असल्यामुळे पहिले तीन-चार फेरे मोकळीक फरक गिळते, मग गोळा अडतो. मामाला "टाईट" वाटलं ते हे अडणं. जोर लावल्यावर गोळ्याच्या आतले आटे खरवडले गेले.

पण माप बरोबर असूनही गोळे सुटतात. का? १९४५ मध्ये गुडियर आणि स्वीनी यांनी बोल्टच्या लांबीच्या दिशेने ताण देऊन पाहिला. आटे सुटले, पण थोडेच. १९६९ मध्ये गेर्हार्ड युंकर यांनी आडव्या दिशेने हलवणारं यंत्र बनवलं आणि दाखवलं की घट्ट आवळलेला बोल्टसुद्धा पूर्ण सुटू शकतो. चोवीस वर्षांत बोल्ट बदलला नव्हता, हलवण्याची दिशा बदलली. आता ड्रायव्हरचा हात आठवा: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, सगळं आडवंच. गिअर बदलणारा हात म्हणजे युंकरचं यंत्र, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, कुणी मोजून पाहावं.

उपाय त्यातूनच निघतो. गोळ्याखाली त्याच मापाचा चेकनट टाकून दोघं एकमेकांवर आवळायचे, म्हणजे आट्यांत कायमचा ताण राहतो. थ्रेडलॉकर चालतो, मधल्या ताकदीचा, म्हणजे पुढे काढता येईल. व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९५३ मध्ये शोधलेलं हे द्रव हवा नसताना, धातूच्या स्पर्शाने घट्ट होतं. म्हणून गोळ्यात पितळी किंवा लोखंडी आटा असेल तरच वापरा. नुसत्या प्लास्टिकवर ते नीट धरत नाही, काही प्लास्टिकला तर तडा जातो.

मामाच्या खरवडलेल्या गोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. लेथवाल्याने ॲल्युमिनियमचा नवा गोळा काढला, आत तीन सुताचा टॅप मारला, खाली चेकनट दिला.

एक गोष्ट मात्र उरली. ट्रक मिलिमीटरचा, मग दांडा तीन सुताचा कसा? गोळ्याच्या चार बोटं खाली, रंगाखाली वेल्डिंगचा सांधा सापडला. कधीतरी दांडा तुटला होता आणि कुणीतरी बोल्टाचा तुकडा जोडला होता. ब्रिटिश की अमेरिकी? तीन सुताला दोन्हींत इंचाला १६ च आटे असतात, त्यामुळे मोजून कळत नाही. कोन बघावा लागतो. लेथवाल्याकडच्या गेजची ६० अंशांची पाती लावली, तर फटीतून उजेड दिसला. ५५ ची चपखल बसली.