सायकल आणि तंबू घेऊन भूम परिसरात फिरायचंय? आधी रात्रीचा मुक्काम ठरवा

सायकलच्या कॅरियरला तंबू बांधून गावोगाव फिरणं हा फ्रान्समधला सुट्टीचा जुना आणि स्वस्त प्रकार आहे. द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या सायकलींचे रील्स पाहिले की अशी सहल आपल्याकडे का होत नाही, असा प्रश्न पडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमचं उदाहरण घेतलं, तर उत्तर बरंचसं मिळतं. बालाघाटचे डोंगर, भुईकोट किल्ला, तीर्थक्षेत्र, खव्याच्या भट्ट्या असं बघण्यासारखं पुष्कळ इथे आहे. अडतं ते एकाच ठिकाणी: अंधार पडल्यावर तंबू कुठे ठोकायचा?

फ्रान्समध्ये हे कसं जमलं?

1936 साली तिथल्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. सुट्टी मिळाली, पण खिशात पैसे बेताचेच होते. त्यामुळे अनेक कुटुंबं सायकल आणि तंबू घेऊन बाहेर पडली.

पुढे लहान लहान गावांच्या पालिकांनीच तंबूसाठी मैदानं चालवायला घेतली. पाणी, संडास, अंघोळीची सोय आणि माफक भाडं. आज लॉआर नदीकाठी सुमारे 900 किलोमीटरचा सायकल मार्ग आहे आणि वाटेत मुक्कामाच्या अशा जागा मिळत जातात. मैदानाबाहेर तंबू लावायचा तर जमीन वापरणाऱ्याची संमती लागते. समुद्रकिनारा आणि ऐतिहासिक वास्तूंचा परिसर अशा ठिकाणी बंदी असते.

भूम परिसरात काय पाहता येईल?

भूमला रेल्वे नाही. बार्शीपर्यंत रेल्वेने येऊन पुढे सायकलने जाता येतं. सायकल रेल्वेत पार्सल म्हणून बुक होते.

- कुंथलगिरी: भूम तालुक्यातलं दिगंबर जैन सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं हे मोक्षस्थान मानलं जातं. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली इथेच सल्लेखना घेतली. इथला खव्याचा पेढा प्रसिद्ध आहे.
- परंडा: शेजारच्या तालुक्यातला भुईकोट किल्ला. 1600 साली अहमदनगर मुघलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ इथून चालवला. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ आधी इथे होती.
- येडशी रामलिंग: बार्शीमार्गे गाठता येणारं अभयारण्य आणि महादेवाचं मंदिर.

सामान लादलेली सायकल चढ-उताराच्या रस्त्यावर तासाला 12 ते 15 किलोमीटर जाते. त्यामुळे दिवसाला 40 ते 60 किलोमीटर पुरेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर ऊन वाढतं आणि या अवर्षणप्रवण भागात वाटेत पाणी मिळेलच याची खात्री नसते.

तंबू कुठे लावू नये?

अभयारण्यात तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिथे प्रवेशालाही वनविभागाची परवानगी लागते. डिसेंबर 2024 मध्ये येडशी अभयारण्यातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये चक्क वाघ दिसला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत तो इथे आला होता. जंगलाला लागून असलेल्या माळावर एकट्याने झोपणंही म्हणूनच शहाणपणाचं नाही.

परंड्याचा किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथेही रात्रीचा मुक्काम करता येत नाही. नदीपात्र आणि महामार्गाची कडही टाळावी.

मग राहायचं कुठे?

सर्वात सोपा पर्याय म्हणजे तीर्थक्षेत्रातली धर्मशाळा. कुंथलगिरीला राहायचं असेल तर आधी फोन करून जागेची चौकशी करावी आणि तिथले खाण्यापिण्याचे नियम पाळावेत. इतर गावांमध्ये सूर्य मावळायच्या आत पोहोचून शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि पोलीस पाटलांना कल्पना द्यावी. अनोळखी माणूस रात्री शेतात दिसला तर गावाला संशय येणं साहजिक आहे. त्यामुळे ओळखपत्र जवळ असू द्यावं. चूल पेटवायची तर तीही विचारूनच. वाळलेल्या गवताला आग लागायला वेळ लागत नाही.

सर्वात मोठा धोका कोणता?

वाघापेक्षा जास्त काळजी रस्त्याची घ्यायला हवी. सायकलीसाठी बरा असलेला हाच काळ ऊस गाळपाचा हंगाम असतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही धावतात आणि अनेकींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. म्हणून अंधारात सायकल चालवू नये. सोलापूर-संभाजीनगर महामार्गावर अवजड वाहतूक असते, तिथे जमेल तितकं कमी अंतर कापावं.

सोबत दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान हवंच. वेड्या बाभळीचे काटे टायर सहज भेदतात.

हे चित्र बदलू शकतं का?

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. त्यातून शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुण्यांची सोय करता येते. सायकलवाल्या पाहुण्याला फार काही लागत नाही: सपाट जागा, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, सायकल कुलपात ठेवायला पत्र्याची शेड आणि सकाळी भाकरी-पिठलं. एकेका दिवसाच्या अंतरावर अशी तीन-चार शेतं तयार झाली, तरी बार्शी, भूम, कुंथलगिरी आणि परंडा जोडणारी सहल निर्धास्तपणे करता येईल आणि राहण्या-जेवणाचे पैसे थेट गावात जातील.