फ्लोटिंग पॉइंट अंकगणित

चिन्ह, सार्थ अंक आणि घातांक अशा तीन भागांत संख्या मांडून ठरावीक बिटांत गणित करण्याची संगणकीय पद्धती. दुहेरी अचूकतेच्या ६४ बिटांपैकी १ चिन्हासाठी, ११ घातांकासाठी व ५२ अपूर्णांकासाठी असतात. १५ दशमान अंक हमखास टिकतात. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत आवर्ती असल्याने जवळच्या संख्येने साठवला जातो. म्हणूनच ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते.

इतिहास : बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे यांनी १९४१ मध्ये चालवून दाखवलेल्या झेड-३ यंत्रात २२ बिटांची अशी पद्धती होती.

मानकीकरण : १९७० च्या दशकापर्यंत प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. आयईईई ७५४ मानकाचे काम १९७७ मध्ये सुरू झाले. विल्यम काहान, जेरोम कूनन व हॅरॉल्ड स्टोन यांचा मसुदा त्याचा पाया ठरला. खरा वाद पेटला तो शून्यालगतच्या अतिसूक्ष्म संख्यांवरून. त्या हळूहळू अचूकता गमावत शून्याकडे जाव्यात, की एकदम शून्य मानाव्यात? डीईसी कंपनीचा पहिल्या पर्यायाला विरोध होता. तिने जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट या तज्ज्ञाकडे परीक्षण सोपवले. १९८१ मध्ये त्यांनी निर्वाळा दिला तो काहान यांच्या, म्हणजे पहिल्या पर्यायाच्या, बाजूने. मानक १९८५ मध्ये मंजूर झाले आणि काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. वाद मात्र यंत्रांत शिल्लक राहिला : एआरएमव्ही७ प्रोसेसरचा निऑन विभाग अशा संख्या सरळ शून्य करतो.

उत्तरे का बदलतात : यंत्र मनमानी करते हा समज चुकीचा आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ यांचे प्रत्येकी एकच उत्तर मानकाने बांधून दिले आहे. फरक शिरतो तो या क्रियांच्या क्रमात आणि मधल्या टप्प्यांत. बेरजेचा साहचर्य नियम येथे टिकत नाही : (०.१ + ०.२) + ०.३ चे उत्तर ०.६००००००००००००००१ येते, तर ०.१ + (०.२ + ०.३) चे ०.६. अनेक प्रोसेसरांवर वाटलेल्या बेरजेत वाटणी बदलली की क्रम बदलतो, आणि शेवटचे अंकही. गुणाकार व बेरीज एकाच फेरीत करणारी यंत्रे एकदाच पूर्णांकन करतात, इतर यंत्रे दोनदा.

इंटेलच्या ८०८७ (१९८०) या सहप्रोसेसरची रजिस्टरे ८० बिटांची होती. मधले उत्तर रजिस्टरमध्ये राहिले तर जादा अचूक, मेमरीत गेले तर ६४ बिटांत छाटलेले. आणि ते कुठे राहील हे कंपायलर ठरवी. एकच प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनसह व त्याशिवाय वेगळी उत्तरे देई. जीसीसी कंपायलरच्या दोषसूचीतील ३२३ क्रमांकाची नोंद याच तक्रारीची असून अनेक नव्या तक्रारी तिच्याच पुनरावृत्ती म्हणून तिला जोडल्या गेल्या. जावा भाषेने १९९८ मध्ये सर्व यंत्रांवर सारखे, काटेकोर गणित मागण्यासाठी ‘स्ट्रिक्टएफपी’ हा खास शब्द आणला. इंटेलच्या एसएसई२ सूचनासंचाने (२०००) हा प्रश्न बराच सुटला आणि २०२१ च्या जावा १७ मध्ये काटेकोर गणित पुन्हा सर्वत्र लागू झाले.

उदाहरण : सर्न संस्थेच्या ‘एलएचसी ॲट होम’ प्रकल्पात कणांच्या मार्गाचे गणित स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर होई. एकच काम एकाहून अधिक यंत्रांना देऊन उत्तरे ताडली जात. कण त्वरकात लाखो फेऱ्या मारतो आणि गती संवेदनशील असल्याने शेवटच्या बिटाचा फरकही फुगत जातो. वेगवेगळ्या यंत्रांची उत्तरे जुळेनात. दोष घातीय व लॉगरिदम फलनांच्या वेगवेगळ्या लायब्रऱ्यांत निघाला. लिऑन येथे तयार झालेली, अचूक पूर्णांकनाची हमी देणारी सीआरलिबएम लायब्ररी वापरल्यावर उत्तरे जुळली. या विषयातील हे सर्वांत बोधप्रद प्रकरण मानावे लागेल.

गैरसमज : पेंटियमचा भागाकारदोष (१९९४) हा चिपमधील चुकीच्या तक्त्याचा दोष होता, पूर्णांकनाचा नव्हे. दाहरान येथील पॅट्रियट क्षेपणास्त्राचे अपयश (१९९१) येथे नेहमी उद्धृत होते, पण ते गणित स्थिरबिंदू पद्धतीचे होते.

उपाय : काहान यांची भरपाई-बेरीज (१९६५), पैशांच्या हिशेबात पूर्णांक वा दशमान पद्धती. साइन, लॉगरिदम यांसारख्या फलनांचे अचूक पूर्णांकन २००८ व २०१९ च्या सुधारित मानकांतही शिफारशीपुरतेच आहे, बंधनकारक नाही.