खडप कुठे आहे?

मालवणच्या जेटीवर होडीवाल्या पोराला विचारलं, "भाऊ, मासे कुठं चांगले दिसतात?" त्यानं आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. म्हणाला, "काका, पोवूक येता काय?"

येतं. काटोलकडे मामाच्या संत्र्याच्या बागेत विहीर होती, तिच्यात कमरेला सुका भोपळा बांधून शिकलो. पुढे नागपूरच्या अंबाझरी तलावात हात मारले, पण तिथं पाण्यात डोळे उघडायची सोय नाही. उघडले तरी दिसतो फक्त हिरवा काळोख. नोकरी भूजल सर्वेक्षणातली. विदर्भातल्या विहिरींत टेप सोडायचा आणि पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं. आयुष्यभर खडकाखालचं पाणी शोधलं. निवृत्तीनंतर मडगावची गाडी धरून कुडाळला उतरलो ते पाण्याखालचा खडक पाहायला.

स्नॉर्कलिंगसाठी चांगली जागा शोधणं म्हणजे खडप, पाण्याखालचा खडकाळ तळ, शोधणं, हे मला त्या पोरानं अर्ध्या तासात शिकवलं. नुसत्या वाळूवर काही नसतं. प्रवाळाला धरायला घट्ट दगड लागतो, आणि त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला ऊन लागतं. म्हणून दगड उथळ हवा. प्रवाळ आलं की त्याच्या कपारीत छोटे मासे येतात, छोट्यांच्या मागं गोबरा, तांबोशी. म्हणजे मास्क लावून पालथं पडलेल्या माणसाला जे हवं, तेच नेमकं जहाजाला नको असतं: पाण्याच्या जरा खाली लपलेला खडक.

साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच खडक दुसऱ्याच एका कामासाठी कुणीतरी शोधत होतं. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते, आणि शिवाजी महाराजांना आपल्या आरमारासाठी दर्यातली जागा हवी होती. मालवणसमोरचं कुरटे बेट पसंत पडलं. मालवणच्या कोळ्यांनी ते हेरून दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना गावं इनाम मिळाली, असं बखरकार सांगतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी दांडीच्या किनाऱ्यावर, ज्याला मोरयाचा धोंडा म्हणतात तिथं, पूजा झाली. गणपती, चंद्र, सूर्य त्या दगडावर कोरलेले आहेत. मी गेलो तेव्हा त्याच्या शेजारी जाळं वाळत होतं. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली चाललं आणि १६६७ मध्ये सिंधुदुर्ग उभा राहिला.

किल्ल्याच्या तटबंदीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. माझ्या मते खरा तट पाण्याखाली आहे. बेटाभोवती खडप पसरलेलं, मधून वाकडीतिकडी वाट, आणि ती वाट ठाऊक फक्त इथल्या माणसाला. मराठ्यांची गलबतं उथळ बुडाची, ती तिथून सुळकन आत यायची. खोल बुडाच्या परक्या जहाजाला प्रत्येक वेळी शिशाचा गोळा दोरीनं सोडून किती वाव पाणी आहे ते पाहावं लागे. (तेव्हा मला माझा टेप आठवला.) जवळच पद्मगड, ओहोटीला चालत जाता येतं असा, कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट, तिथं पावसाळ्यात गलबतांना आसरा.

खडप असलं म्हणून किल्ला अजिंक्य राहिला असं नाही, हेही सांगायला हवं. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतलाच आणि नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. लवकरच पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२ च्या तहानं मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. आरमार संपलं, पण पाण्याखालच्या वाटा इथल्या गाबित मच्छीमारांच्या डोक्यात राहिल्या, कारण त्यांना त्या रोज लागत होत्या: जाळं खडपाला अडकलं तर फाटतं.

१३ एप्रिल १९८७ रोजी सरकारनं किल्ल्याभोवतीचं हे सगळं पाणी सागरी अभयारण्य केलं. एकूण २९ चौरस किलोमीटर, त्यात पद्मगडाभोवतीचा सुमारे तीन चौरस किलोमीटरचा गाभा. मच्छीमारांनी विरोध केला, कारण त्यांना त्यात मासेमारीची बंदी दिसली. नागपूरच्या माणसाला हे लगेच कळतं; आमच्याकडं वाघासाठी रेषा आखली की गावकऱ्यांच्या पोटात असाच गोळा येतो. पुढे तारकर्लीला पर्यटन महामंडळानं स्कूबाची संस्था काढली, गावातली पोरं मास्क लावू लागली, आणि बापाला जाळं फाडणारी जागा म्हणून माहीत असलेलं खडप मुलाच्या पोटापाण्याचं झालं.

पण वाईटही दिसलं. एका होडीनं, आमच्या नव्हे, नांगर सरळ प्रवाळावर टाकला. दुसरीकडं माशांना पाव चारत होते, फोटोसाठी. २००१ पासून कठीण प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत संरक्षण मिळालं आहे. वाघाला पाव चारायची हिंमत मात्र कोणी करत नाही.

पाण्यात उतरलो तेव्हा आधी काही दिसेना. पोर ओरडलं, "काका, हंय नको, हंय गढूळ आसा!" आणि मला खांद्याला धरून दहा हात पलीकडं नेलं. तिथं अचानक तळ दिसला. ताटाएवढे खडबडीत गोळे, तपकिरी, कडेला हिरवट. काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे तोंडासमोरून गेले आणि मी हसलो, त्यामुळं नळीत पाणी शिरलं.

परत येताना पोरानं होडी सरळ न नेता दोनदा वळवली. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं. त्याची नजर एकदा किल्ल्याच्या बुरुजावर, एकदा किनाऱ्यावरच्या कशावर तरी जुळत होती. मी वही काढली, तीस वर्षांची सवय. "भाऊ, कोणता बुरुज आणि किनाऱ्यावरचं काय?"

तो हसला. "काका, ता काय सांगूचा नसता."